वडाखालचा बाजार आणि जयनगरची पेढी

दलालाचे भांडवल पैसा नव्हे, माहिती होय. माल दुसऱ्याचा, पैसा तिसऱ्याचा. दलालाजवळ असते ते एवढेच की, कोणाला काय विकायचे आहे आणि कोणाला काय हवे आहे, हे त्याला ठाऊक असते व त्या दोघांना एकमेकांविषयी ठाऊक नसते. या अज्ञानाच्या फटीतच त्याचा संसार उभा राहतो. आपल्याकडच्या बाजारांत पूर्वी हत्त्याची पद्धत होती. उपरण्याखाली दोघांनी हात घालायचे, बोटांच्या खुणांनी भाव ठरवायचा, आणि ज्याचा माल विकला जात असे तो शेतकरी शेजारी उभा राहून त्या उपरण्याकडे पाहात असे. पुढे नियंत्रित बाजार समित्या आल्या आणि उघड लिलावाचा नियम झाला, तेव्हा ते उपरणे कायद्याने दूर केले. 'दलाल' हा शब्द आपल्या भाषेत कौतुकाने क्वचितच उच्चारला जातो, याचे मूळ त्या उपरण्याखाली असावे.

आज ज्या पेढीची हकीकत सांगावयाची आहे तिने नेमके उलटे केले. आपल्याला जे ठाऊक आहे ते तिने चारचौघांत, फुकट आणि कोणीही विचारले तरी सांगितले, आणि त्यावरच आपला धंदा उभारला. ही पेढी बंगळूरच्या जयनगरातली, आणि तिचे चारचौघे बसत होते ते आंतरजालावर. परंतु ती गोष्ट समजण्यासाठी आधी मुंबईस गेले पाहिजे.

१८५५ च्या सुमारास मुंबईच्या टाऊन हॉलसमोर, जेथे आज हॉर्निमन सर्कलची बाग आहे तेथे, वडाच्या झाडाखाली शेअरदलाल जमू लागले. सुरुवातीला त्यांची संख्या वीस-बावीस होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची सारी भूक हिंदुस्थानच्या कापसावर आली. मुंबईत पैसा पुराच्या पाण्यासारखा शिरला आणि त्याबरोबर शेअरांचे वेडही. या खेळाचा सूत्रधार प्रेमचंद रायचंद. विलायतेची डाक घेऊन येणारी आगबोट बंदरास लागण्यापूर्वीच त्यांच्या होड्या समुद्रात जाऊन तिला गाठीत आणि कापसाचा भाव आधी काढून आणीत, असे सांगतात. ही आख्यायिका असो वा इतिहास, तिने त्या काळच्या दलालीचे मर्म अचूक सांगितले आहे: चार तास आधी कळले म्हणजे चार लाख मिळाले. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला, बॅक बे भरून काढण्यासाठी निघालेल्या कंपनीचे शेअर कागदाच्या मोलाचे झाले, आणि मागाहून बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. प्रेमचंद स्वतःही त्यात सापडले. विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून झाला व त्यांच्या आईच्या नावाने आजही उभा आहे. ज्यांचे पैसे त्या लाटेत गेले त्यांची नावे मात्र कोणास ठाऊक नाहीत. दलाल मंडळी झाडे बदलीत अखेर १८७४ साली आजच्या दलाल स्ट्रीटवर आली आणि ९ जुलै १८७५ रोजी त्यांची रीतसर संघटना झाली.

यानंतरच्या सव्वाशे वर्षांत बाजाराचे रूप पुष्कळ पालटले, पण दलाल आणि गिऱ्हाईक यांच्यातले नाते थोडेच. खरी उलथापालथ १९९२ च्या रोखे घोटाळ्यानंतर झाली. सेबीस त्याच वर्षी कायद्याचे अधिकार मिळाले. १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजाराने संगणकाच्या पडद्यावर व्यवहार सुरू केले. १९९६ च्या कायद्याने कागदी शेअर जाऊन वहीतल्या नोंदी आल्या. आणि २००० साली आंतरजालावरून खरेदी-विक्री करण्यास परवानगी मिळाली. मुंबईतला भाव आता सांगलीत आणि शिमोग्यातही त्याच क्षणी दिसू लागला. गावोगावचे छोटे बाजार त्यामुळे ओस पडले. बंगळूरचा १९६३ सालचा आणि पुण्याचा १९८२ सालचा, हे दोन्ही पुढे बंदच झाले.

भाव उघड झाला, पण बाकीचे उपरणे तसेच राहिले. दलाली टक्क्यांवर असे. शेकडा अर्धा रुपया हा दर धरला तरी एक लाखाच्या खरेदीवर पाचशे रुपये जात. शिवाय करांची, शुल्कांची आणि अनामतीची अशी काही गुंतागुंत होती की, बिलातला कोणता रुपया सरकारचा, कोणता बाजाराचा आणि कोणता दलालाचा, हे सामान्य माणसाला उलगडत नसे. विचारावे तर कोणाला? दलालालाच.

आता जयनगराकडे वळू. बंगळूर मराठी माणसास परके नाही. १६३८ साली विजापूरकरांनी ते केंपेगौडांकडून जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. व्यंकोजीराजांचा १६६९ चा शिलालेख मल्लेश्वरमच्या देवळात आहे. १६८७ साली मोगलांनी ते घेऊन म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना तीन लाख रुपयांस देऊन टाकले. शहरच्या शहर विकले गेले, असा हा सौदा. त्यात दलाली कोणी खाल्ली, हे इतिहासाने नोंदलेले नाही! जयनगर मात्र नवे. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, त्याचा पाया घातला गेला, आणि महाराज जयचामराजेंद्र वडेयर यांच्या नावावरून त्याचे नाव पडले. आखीव रस्ते, ब्लॉकांचे आकडे, दुतर्फा झाडी, आणि नोकरदार, अध्यापक व निवृत्त अधिकारी यांची घरे. शेअरांच्या उलाढालीशी या वस्तीचा संबंध जोडावा असे तिच्यात काही नव्हते.

या वस्तीत 'झिरोधा' नावाच्या पेढीचे सुरुवातीच्या वर्षांतले कार्यालय होते. नितीन आणि निखिल कामत या बंधूंनी ती १५ ऑगस्ट २०१० रोजी सुरू केली. घर कोंकणी भाषकांचे. नितीन यांनी विशीच्या आतच शेअरांचा व्यवहार सुरू केला होता. काही वर्षे रात्री कॉल सेंटरात नोकरी आणि दिवसा बाजार असे केले. हात पोळूनही घेतले. मग एका मोठ्या पेढीचे उपदलाल झाले. पेढीचे नाव इंग्रजीतले 'झिरो' आणि संस्कृतातला 'रोध' यांची संधी करून बनवलेले आहे. व्याकरणकाराने नाक मुरडावे असा हा समास, पण अर्थ स्पष्ट आहे. दर त्याहून स्पष्ट होता: व्यवहार कितीही मोठा असो, एका सौद्याला फार तर वीस रुपये.

पाचशेच्या जागी वीस म्हटल्यावर गिऱ्हाइकांची रीघ लागायला हवी होती. तशी ती लागली नाही, आणि लागू नये हेच स्वाभाविक आहे. भाजी स्वस्त दिली तर माणूस घेतो; पण ज्याच्या हाती आयुष्याची पुंजी द्यायची तो स्वस्तात काम करतो म्हणाला, तर माणूस एक पाऊल मागे सरकतो. ही मंडळी कोण? उद्या पळून गेली तर? वीस रुपयांत यांचे भागते कसे, की आणखी कोठे छुपा खर्च आहे? जाहिरातीला पैसा नव्हता आणि बाहेरचे भांडवल त्यांनी घेतले नव्हते.

त्या काळी 'ट्रेडरजी' नावाचे एक चर्चापीठ आंतरजालावर चालत असे. रूढ शब्दांत, फोरम. गावातल्या पारासारखी ही जागा. कोणी प्रश्न टाकायचा, कोणी उत्तर द्यायचे, बाकीच्यांनी वाचायचे. फरक एवढाच की पारावरचे बोलणे वाऱ्यावर जाते, येथले लेखी राहते. देशभरचे हौशी आणि व्यावसायिक सटोडिये तेथे जमत व एकमेकांस आपापल्या दलालांचे गुणदोष सांगत. नितीन कामत तेथे आपल्या पेढीच्या वतीने स्वतः उत्तरे देत. प्रश्न काही भव्य नव्हते. सकाळी घेतलेले शेअर बाजार बंद होण्यापूर्वी विकायचे राहिले तर काय होते? अनामत कमी पडली तर पेढी सौदा परस्पर मोडते काय, आणि किती वाजता? व्यवहार कर विकताना लागतो की घेतानाही? ज्या गोष्टी दलालाच्या कचेरीत 'तुम्ही काळजी करू नका, आम्ही पाहतो' या वाक्याखाली झाकल्या जात, त्याच गोष्टी येथे आकड्यांनिशी मांडल्या जात होत्या.

यात एक बारीक व्यवहारज्ञान आहे, आणि ते जुन्या दलालास कधी सुचले नसते. कचेरीत एका माणसाला समजावले तर एक माणूस समजतो. पारावर एकाला दिलेले उत्तर पुढची कित्येक वर्षे अनोळखी माणसे वाचत राहतात. आणि उत्तर फसवे असेल तर तेही तसेच राहते. चार जाणते वाचक तेथेच हात धरतात, तक्रारी शेजारीच लटकतात, प्रतिस्पर्धीही टिपून ठेवतात. म्हणजे उत्तर देणारा आपल्या नावाचे तारणच ठेवीत असतो. माझ्या मते लोकांचा विश्वास बसला तो स्वस्ताईवर नव्हे, या तारणावर. मराठीतही याचे एक सौम्य उदाहरण आहे. १९९६ साली अमेरिकेतल्या मराठी मंडळींत सुरू झालेली 'मायबोली' आधी गप्पांचा अड्डा होती. मराठी पुस्तकांची विक्री तेथे मागाहून आली. आधी कट्टा, मग दुकान, हाच क्रम.

पुढे पेढीने स्वतःचेच प्रश्नोत्तरांचे पीठ उघडले. २०१४ च्या सुमारास शेअर बाजाराचे पाठ फुकट देणारी 'वर्सिटी' सुरू केली. २०१५ साली स्वतःची संगणकीय यंत्रणा आणली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरापासून शेअर घेऊन ठेवणाऱ्यांची दलाली पूर्ण माफ केली. २०१९ च्या आरंभी सक्रिय गिऱ्हाइकांच्या संख्येत ती देशातली पहिली पेढी झाली. एवढे सगळे एका चर्चापीठाने केले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. आधारवरून घरबसल्या खाते उघडण्याची सोय झाली, २०१६ नंतर मोबाइलवरचे आंतरजाल अतिस्वस्त झाले, आणि २०२० च्या साथीत घरी बसलेला तरुण वर्ग बाजाराकडे वळला. देशातली डिमॅट खाती मार्च २०२० मध्ये सुमारे चार कोटी होती. मार्च २०२४ पर्यंत ती पंधरा कोटींवर गेली. पण ही लाट आली तेव्हा कोणाच्या दारी जायचे, हे बऱ्याच जणांचे आधीच ठरलेले होते.

श्रोतेहो, येथवर ही कथा गोड आहे. तिचा दुसरा भाग सांगितल्याखेरीज ती खरी होणार नाही. घेऊन ठेवणाऱ्याकडून दलाली घ्यायची नाही, तर पेढी चालते कशावर? मुख्यतः जो रोज घेतो आणि रोज विकतो त्याच्या वीस-वीस रुपयांवर, आणि त्यातही 'फ्यूचर्स' व 'ऑप्शन्स' या वायद्यांच्या सौद्यांवर. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे, मार्च २०२४ पर्यंतच्या तीन वर्षांत हा खेळ खेळणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी शेकडा ९३ जणांस तोटा झाला, आणि त्या तोट्याची बेरीज एक लाख ऐंशी हजार कोटी रुपयांच्या वर गेली. १८६५ च्या मुंबईतल्या बुडालेल्यांना माहिती मिळाली नाही म्हणून ते बुडाले, असे आपण म्हणतो. यांना माहिती फुकट आणि भरपूर मिळाली होती. बहुतेकांचे पैसे जातात, हे कामत यांनी अनेकदा उघडपणे सांगितले आहे, आणि धोक्याचा सौदा करू पाहणाऱ्याला पडद्यावर हटकण्याची सोयही त्यांच्या पेढीने केली. तरी सौदे होतच राहिले. विश्वास माणसाला दारापर्यंत आणतो. आत गेल्यावर तो काय करील, यावर त्या विश्वासाचा ताबा नसतो.

पारही बदलला. प्रश्नोत्तरांची जागा हळूहळू चित्रफितींनी आणि टेलिग्रामवरच्या गटांनी घेतली. तेथे बोलतो एकटाच, ऐकतात लाखो, आणि चूक दाखवणाऱ्याला गटाबाहेर काढता येते. नोंदणी नसताना सल्ला देणाऱ्या अशा मंडळींशी संबंध ठेवण्यास सेबीने २०२४ साली दलालांस मनाई केली. गिऱ्हाइकांच्या संख्येतला पहिला क्रमांक २०२३ मध्येच बंगळूरच्याच 'ग्रो' या दुसऱ्या कंपनीकडे गेला होता. झिरोधाची कचेरीही जयनगर सोडून जवळच्या जे. पी. नगरात केव्हाच गेली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने वायद्यांचे नियम कडक केले. निर्देशांकाच्या एका सौद्याची किमान किंमत पंधरा लाखांवर नेली आणि दर आठवड्याला संपणारे सौदे प्रत्येक बाजारात एकाच निर्देशांकापुरते ठेवले. या बदलांनी आपल्या पेढीची कमाई घटेल, हेही कामत यांनी नेहमीच्या रीतीने सर्वांदेखत लिहिले, आणि त्याखाली लोकांचे प्रश्न सुरू झाले.