एक्सरेवरचा डाग

मस्कतच्या विमानतळाचं नाव २००८ पर्यंत 'सीब' होतं. तुमचे बाबा किंवा मामा त्याआधी ओमानला गेले असतील, तर ते सीबलाच उतरले. पण त्यांची परीक्षा निघण्याआधीच झाली होती, मुंबईतल्या एखाद्या मेडिकल सेंटरमध्ये: शर्ट काढा, छाती प्लेटला टेकवा, श्वास रोखून धरा.

आखाताच्या व्हिसासाठीचा हा एक्सरे मुख्यतः टीबी शोधायला असतो. नियमही कडक. चालू आजाराचं सोडाच, कित्येक वर्षं जुन्या, पूर्ण बऱ्या झालेल्या टीबीची खूण दिसली तरी कागदावर 'अनफिट' यायचं. त्या खुणेला आपण 'डाग' म्हणतो. फुफ्फुसावर डाग आहे. हाच शब्द आपण अब्रूलाही लावतो.

अब्रूचा डाग एक्सरेपेक्षा जुना आहे. क्षय म्हणजे झिजणं. पुराणात दक्षाच्या शापाने चंद्राला होतो तो हाच. घरात मात्र नाव घ्यायचं नाही. 'छाती बिघडलीय', 'हवापालटाला गेलाय', बस. घरातल्या मुलीचं लग्न ठरायचं असलं की आणखीच गप्प. मुंबईत शिवडीला आणि मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयाची इस्पितळं होती. अमका शिवडीला आहे म्हटलं की लोक पुढचं विचारत नसत.

ही भीती उगाच नव्हती. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानेच गेल्या. बावीस वर्षं पुरी व्हायला महिना बाकी होता. कॉखने क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखवला होता, पण औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ उजाडलं.

औषध आल्यावर तरी भीती जायला हवी होती ना? १९५९ मध्ये मद्रासच्या एका प्रयोगाचे निकाल छापून आले. रुग्ण गरीब, दाटीच्या वस्तीतले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना तीच औषधं घरी दिली. वर्षभराने दोन्हीकडचे रुग्ण जवळपास सारखेच बरे झाले होते, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबांत लागण काही वाढली नाही. जगभरची सॅनेटोरियमं बंद पडण्यात या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. (ताट-भांडं वेगळं ठेवण्याला तर कधीच अर्थ नव्हता. हा आजार खोकल्यातून, हवेतून पसरतो.)

तरी बोलणं काही सुरू झालं नाही. अमिताभ बच्चनना २००० मध्ये मणक्याचा टीबी झाला होता; त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं २०१४ च्या शेवटी. त्यांची ही गत, तर बाकीच्यांचं काय?

आता सीबमधला एखादा ड्रायव्हर डोळ्यांसमोर आणा. एका खोलीत सहाजण, गावाकडे घराचे हप्ते, आणि तीन आठवडे न थांबणारा खोकला. त्याला प्रश्नावली दिलीत, टीबी कशाने होतो, बरा होतो का, तर तो कदाचित सगळी उत्तरं बरोबर देईल. तपासायला जाईल का, हा प्रश्न वेगळा. लोकांना माहिती कमी म्हणून ते लपवतात, असं आरोग्यवाले सहज म्हणून जातात. मला ते पटत नाही. डागाची किंमत त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे: आधी नोकरी, मग रेसिडेन्सी. म्हणून तो मेडिकलमधून कफ सिरप आणतो. वेळेवर औषध सुरू झालं असतं तर काही आठवड्यांतच त्याचा आजार दुसऱ्यांना लागायचा बहुधा थांबला असता. त्याऐवजी तो खोकला रात्रभर उरलेल्या पाचजणांच्या श्वासात जातो.

सुट्टीत घरी गेलात की आजीला विचारून बघा, आपल्यात कुणाला 'छातीचं' झालं होतं का. आधी ती 'छे, कुणाला नाही' म्हणेल. जरा थांबा, आणि मग शिवडीचं नाव काढा.