उलट्या प्रवाहाचे रूपक : एंडोमेट्रिओसिसच्या कारणमीमांसेचा इतिहास

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राच्या समन्वयाखाली जानेवारी २०२० मध्ये ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प सुरू झाला. ८३ समाजगटांतील सुमारे १०,००० भारतीयांचे जनुकसंच त्यात वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ही सामग्री संशोधकांसाठी खुली झाली. प्रकल्पाचा रोख कोणत्याही एका रोगावर नव्हता. तथापि एंडोमेट्रिओसिसच्या संदर्भात त्याला वेगळा अर्थ येतो. या रोगाच्या जनुकीय कारणांचा तोवरचा सर्वांत मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ६०,६७४ रुग्ण स्त्रियांच्या नोंदींवरून त्यात रोगाशी निगडित ४२ जनुकीय स्थाने निश्चित करण्यात आली. या स्त्रिया युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. भारतीय स्त्री त्या चित्रात नव्हती. कोणाच्या शरीरावरून कारण ठरवायचे, हा या रोगाच्या इतिहासातला जुनाच प्रश्न आहे.

गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, बीजकोशांवर किंवा उदरपोकळीच्या आवरणावर वाढते, तेव्हा त्या विकाराला हे नाव दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे १९ कोटी स्त्रियांना तो असतो. आधुनिक वैद्यकात त्याचा आरंभ व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कीने १८६० मध्ये केलेल्या वर्णनापासून मानण्याची प्रथा आहे. कारणाची पहिली सुसंगत कथा मात्र अमेरिकेतील जॉन सॅम्पसन याने १९२७ मध्ये सांगितली. पाळीच्या रक्ताचा काही अंश बीजवाहिन्यांतून उलटा उदरात जातो आणि त्यातील पेशी तेथे रुजतात, अशी ती मांडणी होती.

उलट्या प्रवाहाची ही प्रतिमा भारतीय अभ्यासकाला अपरिचित वाटू नये. चरकसंहितेतील वीस योनिव्यापदांपैकी ‘उदावर्ता’ हिच्या वर्णनात वायूच्या उलट्या गतीमुळे रज वर वळते, कष्टाने बाहेर पडते आणि ते मोकळे होताच स्त्रीला आराम वाटतो. या साम्यावरून ‘आमच्याकडे हे आधीच होते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरलेला बरा. चरकाची वेदना स्राव होताच शमते, एंडोमेट्रिओसिसची अनेकदा शमत नाही. चरकाचा कर्ता वायू आहे, सॅम्पसनची पेशी. साम्य आहे ते कल्पनेच्या घडणीत : शरीराला ठरलेली एक दिशा असते आणि ती मोडली की रोग होतो.

दिशा मोडली ती का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना वैद्यक नकळत समाजशास्त्रात शिरले. बॉस्टनच्या जो मीग्ज याने १९४१ च्या सुमारास उशिरा होणारे विवाह आणि लांबणारे मातृत्व यांकडे बोट दाखवले. लवकर लग्न व मुले हाच त्यावरचा प्रतिबंध ठरला. पुढे ‘करिअर करणाऱ्या स्त्रियांचा रोग’ हे बिरुद रूढ झाले. या सल्ल्याकडे बंगळुरूहून पाहिले तर काळाचा विचित्र छेद दिसतो. ज्याचा कारभार या शहरातून चाले त्या म्हैसूर संस्थानाने १८९४ मध्येच आठ वर्षांखालील मुलींच्या विवाहाला कायद्याने मनाई केली होती. १९२९ च्या सारडा कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात ही मर्यादा चौदा वर्षांवर नेली. येथे लवकर लग्नापासून मुलीचे शरीर वाचवण्याची धडपड चालू होती आणि बॉस्टनमध्ये तोच उपाय म्हणून सुचवला जात होता.

मीग्जच्या निरीक्षणातील दोष साधा होता. शस्त्रक्रियेशिवाय निदान होत नसे आणि शस्त्रक्रिया परवडणाऱ्या स्त्रियाच त्याच्या नोंदींत ठळकपणे येत. डोनाल्ड चॅटमन याने १९७६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रियांची दुर्बिणीने तपासणी करून प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत हा रोग त्यांच्यातही मोठ्या प्रमाणात आढळला. त्यांतील अनेकींच्या दुखण्यावर आधी ओटीपोटातील जंतुसंसर्गाचा शिक्का बसला होता. गोऱ्या, सुशिक्षित स्त्रीला महत्त्वाकांक्षेची शिक्षा आणि कृष्णवर्णीय स्त्रीवर स्वैर वर्तनाचा संशय : एकाच विकाराच्या या दोन कथा होत्या आणि दोहोंत स्त्रीचे आचरण हेच कारण होते.

जीवशास्त्राने ही कथा हळूहळू मागे टाकली. बीजवाहिन्या मोकळ्या असलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांत पाळीच्या काळात उदरात रक्त सापडते, हे १९८४ मध्ये दिसून आल्यावर केवळ उलटा प्रवाह हे पुरेसे कारण उरले नाही. प्रतिकारशक्ती, संप्रेरके, पेशींतील जनुकीय बदल अशा दिशांनी शोध गेला. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी तर २०२३ मध्ये एका जिवाणूचा संबंध पुढे आणला. एकच एक कारण अद्याप सिद्ध झालेले नाही.

मराठीत या रोगाला रुळलेले नाव नाही. सॅम्पसनच्या १९२७ च्या लेखनाच्या वर्षीच र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मुंबईत सुरू झाले, हा योगायोगच. परंतु पाळीविषयी उघड बोलणे तोवर मराठीत किती दुर्मीळ होते हे त्यावरून कळते. ‘विटाळ’, ‘कावळा शिवणे’, ‘बाहेर बसणे’ हे शब्द स्पर्शाचा हिशेब ठेवतात, वेदनेचा नाही. सोयराबाईने देहाच्या विटाळाला प्रश्न केला, कन्नड शरणांच्या परंपरेने रजःसूतक नाकारले. या दोन्ही बंडांचा विषय शुद्धाशुद्धता हा होता. दुखणे तेथेही बोललेले नाही.

परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. राहुल गजभिये यांच्या नेतृत्वाखाली ऑक्सफर्ड व क्वीन्सलंड येथील संशोधकांच्या सहकार्याने एंडोमेट्रिओसिसचा भारतीय चिकित्सक व जनुकीय अभ्यास हाती घेण्यात आला, तेव्हा म्हणूनच रक्ताच्या नमुन्यांइतकेच महत्त्व प्रश्नावलीला आले. आंतरराष्ट्रीय प्रश्नावली भारतीय परिस्थितीशी जुळवून घ्यावी लागली. वेदनेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही : कळ, ठणका, पेटका, शूळ, चमक यांत प्रत्येकाची जात निराळी आहे. पाळीच्या संदर्भात मात्र ‘पोटात दुखतं’ यापलीकडे सहसा जाता येत नाही आणि ‘ते व्हायचंच’ हे उत्तर तयार असते. बंगळुरूच्या संदर्भसंचात भारतीय जनुकांतील भेद सापडतील. त्यांपैकी कोणते दुखण्याशी जोडायचे, हे परळच्या या प्रश्नावलीत बायका काय सांगतात यावर अवलंबून आहे.