इलेक्ट्रॉनच्या स्पिनला बोलतं करताना

इलेक्ट्रॉनचा स्पिन वाचणाऱ्या प्रयोगांच्या घराण्याचा मूळपुरुष चांदीचा. फ्रँकफुर्टला ओटो स्टर्न आणि वाल्टर गेर्लाख भट्टीत चांदी तापवून तिच्या अणूंचा बारीक झोत चुंबकाच्या विषम क्षेत्रातून काचेवर सोडत होते. महायुद्धानंतरची जर्मनी, पैशांची चणचण. भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न सापेक्षतावादावर तिकीट लावून व्याख्यानं देई आणि त्यातून या प्रयोगाला हातभार लावी. स्टर्न पुढे सांगत असे, की एकदा काचेवर काहीच दिसेना. त्यानं ती हातात घेऊन निरखली आणि हळूहळू काळा ठसा उमटू लागला. पगार बेताचा, म्हणून सिगार स्वस्तातली. स्वस्त सिगारमध्ये गंधक फार, आणि श्वासातल्या त्या गंधकानं चांदी काळी पडते. फ्रीडरिख आणि हर्शबाख या संशोधकांनी ही कथा पुढे प्रत्यक्ष करून पाहिली. नुसत्या श्वासानं काम होत नाही, धूरच सोडावा लागतो!

फेब्रुवारी १९२२मध्ये झोत दुभंगलेला स्पष्ट दिसला. पण तो दुभंगवणारा स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनची अंगभूत फिरकी, ही कल्पनाच तोवर जन्मली नव्हती. उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी ती मांडली १९२५मध्ये. पुरावा आधी हाती लागला, आरोपी तीन वर्षांनी सापडला.

मग सुट्या इलेक्ट्रॉनांवर हाच प्रयोग का करू नये? नील्स बोर यांनी नकार दिला. चांदीचा अणू विद्युतभाररहित आणि जड. इलेक्ट्रॉन भारित आणि हलका. चुंबकीय क्षेत्रात त्याच्या भारावरच इतकं बळ लागतं, की स्पिनचं कुजबुजणं त्या गोंगाटात विरून जातं. माझ्या मते या कुळाला खरं वळण लागलं ते या नकारानं. त्यानंतर स्पिनला थेट कुणी विचारायलाच गेलं नाही. त्याच्या वतीनं साक्ष कोण देईल, याचा शोध सुरू झाला.

अर्धवाहकांत अशी एक साक्ष काढली ती अणुकेंद्रांकडून. १९६८मध्ये जॉर्ज लँपेलनं सिलिकॉनवर वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश टाकला. त्यानं इलेक्ट्रॉनांचे स्पिन एका बाजूला झुकले, त्यांनी तो कल सिलिकॉनच्या अणुकेंद्रांना दिला, आणि लँपेलनं मोजला तो या केंद्रांचा संकेत. गॅलियम आर्सेनाइडमध्ये मात्र प्रकाश स्वतःच बोलतो. तिथे असा प्रकाश टाकला, की एका दिशेचे तीन इलेक्ट्रॉन उठले तर दुसऱ्या दिशेचा एक उठतो. म्हणजे ध्रुवीकरण ५० टक्के. ते परत खाली येताना जो प्रकाश बाहेर पडतो, त्याच्या ध्रुवीकरणावरून स्पिनचा हिशेब लागतो. याच तत्त्वावर डिसेंबर १९९९मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन गटांनी एलईडी सादर केले: चुंबकीय अर्धवाहकातून स्पिन आत पाठवायचे आणि बाहेर येणारा प्रकाश तपासायचा.

पण नॅनोमीटरांच्या घरात, मोजक्या इलेक्ट्रॉनांपाशी आल्यावर प्रकाशाची ही साक्ष तोकडी पडू लागते. तिथे विजेच्या भाषेतच जबाब घ्यावा लागतो. त्याची तयारी १९८८मध्येच झाली होती. अर्धवाहकावर बसवलेल्या धातूच्या दोन टोकांवर ऋण व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉनांची वाट चिंचोळी केली, तर वाहकता एकसारखी न घटता पायऱ्यापायऱ्यांनी घटते, असं डेल्फ्ट आणि केंब्रिजमध्ये दिसलं. प्रत्येक पायरी दुहेरी, कारण दोन्ही स्पिन बरोबरीनं जातात. प्रबळ चुंबकीय क्षेत्र लावलं की पायरी दुभंगते, आणि पहिल्या अर्ध्या पायरीवर एकाच स्पिनला वाट मिळते. गाळणी तयार!

२००२मध्ये हार्वर्डच्या गटानं अशा दोन गाळण्या एकाच चिपवर शेजारी शेजारी बसवल्या. पहिलीतून निघालेले इलेक्ट्रॉन चिपशी काटकोनातल्या हलक्या चुंबकीय क्षेत्रानं अर्धवर्तुळात वळवून दुसरीच्या तोंडाशी आणले. दुसरीवरचं व्होल्टेज आलेल्या स्पिननुसार बदललं. ३०० मिलिकेल्विन तापमान, गाळण्यांसाठी ७ टेस्लाचं क्षेत्र. ध्रुवीकरण ७० टक्क्यांहून अधिक. बोर यांनी नाकारलेल्या झोताचं काम एका अर्धवर्तुळानं केलं, तेही फक्त व्होल्टमीटर वाचून.

एकेकट्या इलेक्ट्रॉनाची पाळी २००४मध्ये डेल्फ्टला आली. क्वांटम डॉट नावाच्या इवल्या कप्प्यात एक इलेक्ट्रॉन कोंडलेला. चुंबकीय क्षेत्रात त्याच्या दोन स्पिन-अवस्थांच्या ऊर्जा वेगळ्या होतात. व्होल्टेज असं जुळवायचं, की वरच्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन बाहेर पळू शकेल आणि खालच्याला जागचं हलता येणार नाही. शेजारी ती चिंचोळी वाट पहाऱ्यावर. इलेक्ट्रॉन निसटला, की डॉटमधला एक भार कमी होतो, तेवढ्यानं शेजारचा प्रवाह वाढतो. नवा इलेक्ट्रॉन आत शिरला की प्रवाह पुन्हा खाली येतो. आलेखावर छोटा उंचवटा दिसला तर एक स्पिन, सपाट रेघ राहिली तर दुसरा. मोजला जातो तो भार, कळतो तो स्पिन. ८ टेस्लाला स्पिन उलटायला सरासरी ०.८५ मिलिसेकंद लागतात, हेही याच उंचवट्यांच्या मोजदादीतून निघालं.

२०१०मध्ये सिडनीच्या गटानं हीच युक्ती सिलिकॉनमधल्या फॉस्फरस अणूच्या इलेक्ट्रॉनावर वापरली. तिथे दीड टेस्लाच्या क्षेत्रात स्पिन जवळजवळ ६ सेकंद टिकला, आणि १०० पैकी ९०हून अधिक वेळा वाचन बरोबर आलं.