मालकपक्षाचे वकील

मंडळाच्या स्मरणिकेसाठी आम्ही काही लिहावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा विषयही त्यांनीच नेमून दिला. गेल्या वर्षी कार्यकारिणीच्या बैठकीत आपल्या ज्ञातीतील एका ज्येष्ठ वकिलांचा सत्कार करावा अशी सूचना आली असता, "ज्यांनी सारा जन्म कारखानदारांची बाजू लढविली, त्यांच्या गळ्यात आपण हार का घालावा?" असा प्रश्न एका सभासदाने विचारला आणि बैठकीचा रंगच पालटला. आपली कित्येक कुटुंबे चिकलठाण्याच्या आणि वाळूजच्या कारखान्यांत राबली आहेत. काहींची स्वतःची छोटी वर्कशॉपे आहेत. दोन्ही बाजूंची माणसे एकाच सतरंजीवर बसलेली. अखेर ह्या व्यवसायाचा इतिहास आधी पाहावा व मग सत्काराचा विचार करावा, असे ठरून ते काम आमच्या गळ्यात पडले. आम्ही काही कायद्याचे पंडित नव्हे. मॅट्रिकनंतर शाळेत मुले शिकविण्यातच आमचे आयुष्य गेले. तथापि ह्या विषयाशी आमचा घरचा संबंधही आलेला आहे. तो पुढे येईलच.

आपल्या नगरीत, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, सूत कातण्याची व कापड विणण्याची गिरणी १८८९ साली उभी राहिली. सुमारे सातशे माणसे तीत कामाला होती. राज्य निजामाचे आणि कचेरीची भाषा उर्दू. कामावरून काढलेल्या माणसाने दाद मागावी असे निराळे न्यायालय त्या काळी नव्हते. साहजिकच मालकाला तरी वकिलाची गरज काय पडणार? ती गरज कामगार एकत्र आल्यावर उत्पन्न झाली. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटक गिरण्यांच्या मालकांनी १९२० साली मजूर संघाचे पुढारी बी. पी. वाडिया ह्यांच्यावरच उच्च न्यायालयात दावा लावला. कामगारांना नोकरीचा करार मोडावयास चिथावले, हा त्यांचा आरोप. न्यायालयाने वाडियांविरुद्ध मनाई हुकूम दिला. मालकांच्या वकिलांचा हा मोठाच विजय खरा. परंतु त्यामुळेच संघांना संरक्षण देण्याची निकड सर्वांना पटली व १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. वकिलाने जिंकलेल्या खटल्यातून विरुद्ध बाजूचा कायदा जन्मास यावा, असा हा प्रकार आहे!

मुंबई इलाख्यात १९३८ साली औद्योगिक कलहाचा कायदा आला. संपावर त्यात जी बंधने होती, त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात कसून विरोध केला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप घडवून आणला. बॅरिस्टर असलेला तो पुरुष मजुरांच्या बाजूने उभा होता, आणि १९५० साली त्यांनीच आपल्या गावी मिलिंद महाविद्यालय स्थापन केले, हे आपल्या मुलांस ठाऊक असावे म्हणून येथे नमूद करतो.

स्वातंत्र्यानंतर खरा पालट झाला. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याने तडजोड अधिकारी, कामगार न्यायालय आणि न्यायाधिकरण अशी उतरंड उभी केली. वकिलाविषयी मात्र कायदेकर्त्यांचे मन साशंकच राहिले. त्या कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार तडजोडीच्या कामात वकिलास मुळीच प्रवेश नव्हता; न्यायाधिकरणापुढे उभे राहावयाचे तर विरुद्ध पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी, दोन्ही लागत. पैसेवाल्याने मोठा वकील आणावा आणि मजुराने तोंडाकडे पाहात बसावे, हे होऊ नये, हा हेतू. पण कायद्याला दार असले की वकिलाला खिडकी सापडते. मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी म्हणून वकीलच हजर होऊ लागला. पारादीप बंदराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली असा निर्णय दिला की, तो खरोखरीच पदाधिकारी असेल तर केवळ वकील आहे म्हणून त्यास अडविता येणार नाही. कामगार संघाच्या पदाधिकाऱ्यासही, तो वकील असला तरी, तीच मोकळीक होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

पहिली मोठी रणे बोनसची झाली. मुंबईच्या गिरणी मालक संघाच्या वादात १९५० साली अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र घालून दिले. ढोबळ नफ्यातून घसारा, कर, भांडवलावर शेकडा ६ परतावा आणि जुन्या यंत्रांच्या जागी नवी घेण्याची तरतूद वजा करावी; उरेल त्यात मजुरांचा वाटा. हिशेब सोपा दिसतो, शाळेतल्या त्रैराशिकासारखा. पण नवी यंत्रे किती किमतीची धरावयाची, जुनी अजून किती वर्षे चालतील, ह्यावर आर. जे. कोला ह्यांच्यासारखे मालकांचे नामांकित वकील सर्वोच्च न्यायालयात घासाघीस करीत. यंत्राची किंमत वाढली की बोनस आटला! असोसिएटेड सिमेंटच्या खटल्यात १९५९ साली न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी ते सूत्र कायम ठेवले, परंतु यंत्रांच्या तरतुदीचा दावा मालकांनी पुराव्याने सिद्ध केला पाहिजे असे बजावले. पुढे १९६५ साली बोनसचा कायदाच झाला.

आपल्या भागातील वकिलांचे दैनंदिन काम मात्र असे भव्य नव्हते. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि वसाहती वसू लागल्या. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला व मागोमाग सुटे भाग करणारे लहान कारखाने आले. शेत सोडून आलेली पोरे भोंग्यावर कामाला जाऊ लागली. गैरहजेरी, उशीर, पर्यवेक्षकाशी बाचाबाची, पाळीत लागलेली झोप ही प्रकरणे त्यातून निघाली आणि ह्यांतच आमच्या वकिलांची हयात गेली.

अशा प्रकरणात वकिलाचे काम न्यायालयात सुरू होत नाही, कारखान्याच्या कचेरीत सुरू होते. आरोपपत्र कसे लिहावे, चौकशी अधिकारी कोण नेमावा, कामगारास साक्षीदार बोलाविण्याची व उलटतपासणीची संधी दिली की नाही, हे सर्व तोच पाहतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली इंडियन आयर्नच्या खटल्यात सांगितले होते की, मालकाची चौकशी सद्‌बुद्धीने झाली नसेल, ती सूडापोटी असेल, नैसर्गिक न्याय डावलला असेल किंवा निष्कर्ष पुराव्याशी अगदीच विसंगत असेल, तरच न्यायाधिकरणाने हात घालावा. म्हणजे कागद नीट असले की मालक सुरक्षित. परंतु १९७१ साली कायद्यात ११-अ कलम आले आणि शिक्षा कठोर वाटल्यास ती कमी करण्याचा अधिकार न्यायाधिकरणास मिळाला. त्याच वर्षी मंजूर झालेला महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथांविषयीचा कायदा ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. त्याने कामगारास सरकारच्या तोंडाकडे न पाहता थेट न्यायालयात तक्रार करता येऊ लागली. वकिलांची कामे वाढली ती तेव्हापासून. १९८१ च्या २७ ऑगस्टला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आपल्या शहरात सुरू झाले आणि मुंबईची वारी थांबली.

ह्या वाटेवर दिरंगाई किती, ह्याचे एक उदाहरण देतो. पुण्याच्या भारत फोर्जमध्ये १९८३ च्या ऑगस्टात एक कामगार पाळीत झोपलेला आढळला. त्याची ही पहिली चूक नव्हती. त्यास बडतर्फ करण्यात आले. कामगार न्यायालयास शिक्षा अति वाटली. प्रकरण वर चढत गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली ती २००५ साली. एका झोपेचा निकाल लागण्यास एकवीस वर्षे लागली! मालक जिंकला असे म्हणावे, तर इतक्या वर्षांचा वकिलांचा खर्च कोणी मोजला आहे?

मालकांचा वकील म्हणजे मजुरांचा वैरी, असे म्हणणाऱ्यांनी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण ह्यांचे चरित्र पाहावे. बंगळुरास १९४१ साली जन्मलेल्या ह्या गृहस्थांनी १९६७ पासून मुंबईत कामगार कायद्याची वकिली केली, ती बहुतांशी मोठमोठ्या कंपन्यांच्या बाजूने. १९९० साली ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी त्यांच्याकडे आली आणि १९९८ साली त्यांनी कोणाचीही भीड न ठेवता अहवाल दिला. २००२ ते २००६ ते सर्वोच्च न्यायालयात होते. त्यानंतर केंद्र सरकारच्या सहाव्या वेतन आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. ज्यांनी तेवीस वर्षे वकिली केली ती मालकांच्या वतीने, त्यांच्याच आयोगाने लाखो नोकरदारांची वेतनवाढ सुचविली.

आता घरची गोष्ट. आमच्या थोरल्या भगिनीचा मुलगा एका कारखान्यात कामास होता. (कारखान्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही.) १९९१ साली वडिलांच्या आजारपणात तो नऊ दिवस गावी राहिला. कळविल्याचे पत्र त्याने टाकले होते, पण पोचपावती नव्हती. परत आला तो फाटकावरच त्यास सांगण्यात आले की, तू नोकरी सोडून गेलास असे समजून नाव कमी केले आहे. चौकशी नाही, आरोपपत्र नाही. त्याने तक्रार गुदरली. समोर मालकांच्या वतीने उभे राहिले ते हेच, ज्यांच्या सत्काराचा प्रश्न निघाला आहे ते गृहस्थ. उलटतपासणीत त्यांनी पोस्टाच्या पावतीवरून पोराला असे खिंडीत गाठले की, आमच्या भगिनीने त्यांच्या घरचे हळदीकुंकू सोडले.

१९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने डी. के. यादव ह्यांच्या खटल्यात ठरविले की, स्थायी आदेशांत गैरहजेरीने नोकरी आपोआप संपते असे लिहिले असले, तरी कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून त्याचे नाव कमी करता येत नाही. पुढल्या वर्षी कारखान्याने तडजोड केली. भाचा कामावर परत आला; मागील पगारापैकी निम्मा त्यास मिळाला. आम्हास वाटले, निकालाच्या धाकाने मालक नमला. पुष्कळ वर्षांनी एका लग्नात त्या कारखान्यातील एक निवृत्त अधिकारी भेटले. ते म्हणाले, "मास्तर, मालक वरच्या न्यायालयापर्यंत लढणार होते. वकीलसाहेबांनीच सांगितले, ह्या पोराला परत घ्या, तुमची बाजू खोटी आहे. नाहीतर दुसरा वकील पाहा." आपल्या अशिलास दिलेला हा सल्ला त्या गृहस्थांनी आम्हास कधी सांगितला नाही, सांगणे त्यांच्या धंद्याच्या धर्मात बसणारेही नव्हते. बैठकीत 'मालकांचे माणूस' म्हणून त्यांचा उद्धार झाला, तेव्हाही ते गप्प बसून होते.

आम्ही ही हकीकत भगिनीस सांगितली. ती म्हणाली, "सल्ला चांगला दिला, पण तीन वर्षे माझी चूल कशी पेटली ते त्यांना ठाऊक आहे का?" ह्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. मागील पगार निम्माच का, हेही तिने विचारले.

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९४७ चा कायदा गेला. नव्या वकिलांस नवी कलमे पाठ करावी लागतील. आपल्या ज्ञातीतील दोन मुले आज ह्याच शाखेची वकिली करतात; एक कामगारांकडून, एक कारखान्यांकडून, आणि दुपारचा चहा एकाच टपरीवर घेतात.

सत्काराचा ठराव ह्या वर्षीच्या साधारण सभेपुढे येईल. आमचे मत अनुकूल आहे. भगिनीस विचारले, तर ती सभेला येणार आहे. हात वर करणार की नाही, ते मात्र तिने सांगितलेले नाही.