परळची सर्पगंधा आणि मधुमेहींचे हृदय

मधुमेहाचे निदान झाले की घरात पहिली बंदी येते ती साखरेच्या डब्यावर. ते योग्यच आहे. परंतु मधुमेही व्यक्तींच्या मृत्यूंची कारणे पाहिली, तर हृदयविकार आणि पक्षाघात यांचा क्रमांक फार वरचा लागतो. मग हृदय सांभाळायचे तर साखरेखेरीज आणखी कशावर लक्ष ठेवायला हवे? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात सापडतो. तो धागा आहे रक्तदाबाचा.

रक्तात ग्लुकोज सतत जास्त राहिले की रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होते आणि तेथे चरबी साचू लागते. रक्तदाब वाढलेला असेल तर त्याच अस्तरावर दर ठोक्याला जादा ताण पडतो. मधुमेह आणि उच्च रक्तदाब पुष्कळदा जोडीनेच येतात. म्हणजे एकाच भिंतीवर दोन बाजूंनी घाव. शिवाय वाढलेला रक्तदाब दुखत नाही. मोजल्याशिवाय तो कळतच नाही.

आज हे सारे सरळ वाटते. पण १९४० च्या दशकात चित्र वेगळे होते. अरुंद झालेल्या वाहिन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी शरीर स्वतःच दाब वाढवते, तेव्हा तो उतरवणे धोक्याचे, असे अनेक नामवंत डॉक्टर मानत. उपायही तुटपुंजे होते: विश्रांती, मिठाचे पथ्य, गुंगी आणणारी औषधे आणि काहींच्या बाबतीत मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया.

केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. महाविद्यालयात शिकवणारे सर्व भारतीयच असावेत, अशी अट देणगीदारांच्या विश्वस्तांनी घातली होती. याच रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील हृदयविकारांवर काम करीत. त्यांनी लक्ष वळवले ते सर्पगंधेच्या मुळांकडे. सर्पदंश, निद्रानाश आणि वेड यांवर ही मुळे आपल्याकडे पूर्वापार वापरली जात. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्यांचा रक्तदाबावरील परिणाम नोंदवला होता. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळांतील काही अल्कलॉइडे वेगळी केली.

वकील यांनी ५० रुग्णांना हे औषध देऊन रक्तदाबाच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या. चार आठवड्यांनंतर बहुसंख्य रुग्णांचा वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब उतरलेले दिसले. त्यांचा लेख १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आला. तो वाचून बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी अमेरिकेत सर्पगंधेचे प्रयोग सुरू केले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे मुळांतील प्रमुख द्रव्य, रेसर्पीन, शुद्ध स्वरूपात मिळाले. मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेले नॉरॲड्रेनॅलिन हे द्रव्य रिकामे करते. त्यामुळे वाहिन्या सैलावतात आणि दाब घटतो. १९५७ साली वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. दाब उतरला, हे सिद्ध झाले. पण त्यामुळे पक्षाघात टळले का? माणसे वाचली का? चार आठवड्यांच्या नोंदी या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नव्हत्या. त्यासाठी औषध घेणारा आणि दिसायला तशीच पण औषधाविना गोळी घेणारा, असे दोन गट लागतात, आणि वेळ लागतो.

ते उत्तर १९६७ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आले. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी ७३ जणांना तीन औषधांचे मिश्रण दिले गेले. त्यांतले एक होते रेसर्पीन. पोकळ गोळी घेणाऱ्या ७० जणांत २७ गंभीर घटना घडल्या. औषध घेणाऱ्यांत अवघ्या दोन. दाब उतरवणे धोक्याचे, ही समजूत त्यानंतर टिकणे कठीण होते.

मधुमेहींचे काय? १९९१ साली अमेरिकेतील ६० वर्षांपुढील ४,७३६ व्यक्तींच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. मुख्य औषध लघवी वाढवणारे होते. ते पुरले नाही तर ॲटेनोलॉल किंवा रेसर्पीन जोडले जाई. त्यांतल्या ५८३ मधुमेहींचा स्वतंत्र हिशेब १९९६ मध्ये मांडला गेला. हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या घटना मधुमेही आणि इतर, दोघांतही ३४ टक्क्यांनी घटल्या. पण मुळात मधुमेहींचा धोका जास्त. त्यामुळे पाच वर्षांत दर हजारी टळलेल्या घटना इतरांत ५१, तर मधुमेहींत १०१ होत्या. टक्केवारी तीच, फायदा दुप्पट! गणिताच्या तासाला घेण्याजोगे हे उदाहरण आहे.

१९९८ साली ब्रिटनमधील १,१४८ मधुमेहींच्या अभ्यासाने यावर शिक्कामोर्तब केले. एका गटाचा दाब सरासरी १५४/८७ राहिला, दुसऱ्याचा १४४/८२. एवढ्याशा फरकाने पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण ५६ टक्क्यांनी घटले. हृदयविकाराच्या झटक्यांतली घट मात्र निश्चित म्हणण्याइतकी ठरली नाही. त्यासाठी साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू या आघाड्याही सांभाळाव्या लागतात.

रेसर्पीन आज क्वचितच दिले जाते. नाक चोंदणे, उदासी असे त्याचे त्रास आहेत आणि अधिक सोयीची औषधे उपलब्ध आहेत. म्हणून सर्पगंधेची मुळे आणून घरी काढा करणे सर्वथा चूक. परळच्या त्या कामातून घ्यायची ती मोजण्याची सवय. मधुमेही व्यक्तीने साखरेइतक्याच नेमाने रक्तदाब तपासावा. तो बहुधा १३०/८० च्या खाली ठेवण्याचा सल्ला आज दिला जातो. वय आणि प्रकृती पाहून डॉक्टर तो ठरवतात. मधुमेहात मज्जातंतू बधिर झाल्याने हृदयविकाराचा झटकाही कधीकधी छातीत न दुखता येतो. तेव्हा नुसती धाप, घाम किंवा विलक्षण थकवा आला तरी तातडीने रुग्णालय गाठावे.

आणि वर्गात एखाद्या नव्या औषधाची बातमी निघाली, तर विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारायला लावावे: कोणता आकडा उतरला? आणि त्यामुळे कोणाचे दुखणे टळले? या दोन प्रश्नांमधले अंतर तोडायला विज्ञानाला १९४९ पासून १९६७ पर्यंत अठरा वर्षे लागली.