काळजं मागणारी राणी

या शनिवारी जरा जुनी गोष्ट. ऑक्टोबर १८९६. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला त्याला जेमतेम महिना झालेला. रोगी उचलून आर्थर रोडच्या इस्पितळात न्यायला सुरुवात झाली होती. त्यातच कोणीतरी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं (हे आम्हीच केलं, असं पुढे चापेकरांनी सांगितलं). झालं! राणी भडकली, तिला शांत करायला मुंबईकरांची काळजं विलायतेला पाठवायची आहेत आणि इस्पितळ त्यासाठीच आहे, अशी आवई उठली. काळीज म्हणजे इथे खरोखरचं यकृत बरं का, कवितेतलं नव्हे.

आज हसू येतं. पण गिरणी कामगाराच्या जागी बसून बघा. शेजारच्या खोलीतल्या माणसाला सरकारी लोक घेऊन जातात. आत काय चालतं ते दिसत नाही. परत येतो तो क्वचितच. एवढ्या इनपुटवर निघालेला निष्कर्ष तसा लॉजिकलच म्हणायचा. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार कामगार त्या इस्पितळावर चालून गेले. १८९१च्या खानेसुमारीत मुंबई सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळजवळ निम्मं शहर रिकामं झालं. लोक प्लेगला भ्याले तसेच इस्पितळालाही भ्याले.

तरी तेव्हाची अफवा पायी चालायची. चाळ झोपली की तीही झोपायची. आता तसं नाही. २०१३च्या बॉस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतर अमेरिकेत झालेली एक पाहणी मला विसरता येत नाही. त्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त बातम्या पाहणाऱ्यांवरचा ताण, प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त निघाला! वुहान आणि चीनच्या इतर भागांत २०२०च्या जानेवारी-फेब्रुवारीत पाहणी झाली, त्यातही सोशल मीडियावर वारंवार कोरोना बघणाऱ्यांत चिंतेचं प्रमाण जास्त आढळलं. (आता बघून चिंता वाढते की चिंता वाटते म्हणून बघतात, हे अशा पाहणीतून सुटत नाही. माझ्या मते दोन्ही. लूप आहे तो.)

हा लूप मी घरी पाहिलाय. एप्रिल २०२१ मध्ये आत्या पुण्यात ऑक्सिजनवर होती, भेटायला बंदी. २१ तारखेला नाशिकच्या रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली, रुग्ण गेले. तीच दृश्यं दिवसभर टीव्हीवर. आई जेवेना. रात्री दोनला उठून फोन बघायची. "अगं, बंद कर ना ते," म्हटलं तर म्हणाली, "मग मला तिचं कळणार कुठून?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या धंद्यात ज्या अलर्टवर काही करता येत नाही तो म्यूट करतात. पण आईला अलर्ट नको होता, तिला आत्या दिसायला हवी होती. दोन दिवसांनी वॉर्डातल्या एका सिस्टरने स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. मास्कच्या आडून आत्याने हात हलवला. जेमतेम अर्धं मिनिट. त्या रात्री टीव्ही नऊलाच बंद झाला. पुढे रोज संध्याकाळी कॉल यायचा, आणि आत्या घरी येईपर्यंत आईची बातम्यांची भूक तेवढीच राहिली. (आत्या आता ठणठणीत आहे.)

१८९६ मध्ये असा फोन लावणारं कोणी नव्हतं. पण पुढच्या वर्षा-दीड वर्षात मुंबईत जातीजातींची, समाजांची आपापली प्लेग इस्पितळं निघाली. वैद्यकीय दृष्ट्या ती फार वेगळी होती असं नाही, तेव्हा प्लेगवर खात्रीचं औषधच नव्हतं. पण आत ओळखीची माणसं होती, आणि तिथे रोगी न्यायला लोक कमी बिचकत. जिथे तपासणीचं पथक थेट घरात शिरायचं तिथे जुनी भीती तशीच राहिली. ९ मार्च १८९८ रोजी रिपन रोडवर जुलाह्यांच्या वस्तीत पथक एका आजारी मुलीसाठी आलं आणि दंगल पेटली.