वलांडीवरचा बोंबील आणि स्नायूतलं पाणी

कोलाड कुंडलिकेच्या काठी, पण खाऱ्या पाण्यापासून लांब. नदी रेवदंड्याला समुद्राला मिळते. पूर्वी गलबतं खाडीनं रोहा-अष्टमीपर्यंत येत, पुढचा माल बैलगाडीनं किंवा डोक्यावरून जाई. जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं (रायगड झालं ते 1981 मध्ये), तेव्हापासूनच्या इथल्या मासळीच्या रीती बघितल्या की त्या मैलांपेक्षा तासांवर बेतलेल्या दिसतात. चिंबोरी नांग्या बांधून जिवंतच विकायची. जिताडा पेण-अलिबागच्या खारेपाटात तळ्यात राखायचा, पाहुणा आला की काढायचा. बोंबील मात्र वलांडीवर टांगून वाळवायचा. रीती तीन, पण तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: जीव गेल्यावर मांसाचं काय होतं?

प्रयोगशाळेलाही हाच प्रश्न आडवा आला. 1974 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी उंदराच्या पायाचा काढलेला स्नायू चुंबकीय अनुस्पंदनाच्या यंत्रात ठेवला आणि त्यातल्या फॉस्फरसचे संकेत टिपले. रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूत आधी क्रिएटिन फॉस्फेट घटतं, मग स्नायूला ऊर्जा पुरवणारं एटीपी. सुटं फॉस्फेट वाढतं, लॅक्टिक आम्ल साचतं. एटीपी संपलं की स्नायूतंतू एकमेकांत अडकून बसतात, तोच मेल्यानंतरचा ताठरपणा. पुढे तंतूंमधलं पाणी बाहेर सरकतं. याच अनुस्पंदनावर चालणाऱ्या एमआरआयला संकेत मिळतो तो मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनकडून. तंतूंत अडकलेल्या पाण्याचा संकेत लवकर विरतो, मोकळ्या पाण्याचा रेंगाळतो. त्यामुळे एकाच तुकड्याच्या संकेताचा सकाळी मोजलेला आकडा संध्याकाळी राहत नाही, आणि तापमान बदललं तर आणखी निराळा येतो. काढलेल्या स्नायूचा आकडा छापून त्याचा तास आणि तापमान न सांगणं म्हणजे, माझ्या मते, अर्धंच सांगणं.

कोणी म्हणेल, वाळवण्यामागे एवढं काही नव्हतं. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून आगोटची बेगमी. खरं आहे. पण बेगमीनं साठवण का केली ते कळतं, बोंबीलच एवढा का वाळवला आणि चिंबोरी जिवंत का ठेवली ते कळत नाही. बोंबलाच्या अंगात पाणी फार, मांस लगेच लिबलिबीत होतं; चिंबोरी मेली की तिचेच पाचकरस तिचं मांस सैल करतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मासा नासतो तो जंतूंमुळे, स्नायूच्या रसायनामुळे नव्हे. वास सुटण्यापुरता तो मान्य. पण बाजारात बाई मासा बोटानं दाबून बघते ती वास सुटण्याच्या कितीतरी आधी, आणि तेव्हा तिच्या बोटाला लागतो तो स्नायूचा ताठरपणा किंवा सैलपणाच. बर्फ आल्यावर हे सगळं मिटलं असंही नाही. बर्फानं बदल मंदावतात, थांबत नाहीत. मासा पुरता गोठवला तर पाण्याचे स्फटिक पेशी फाडतात, वितळताना पाणी गळतं आणि यंत्राला पुन्हा वेगळाच स्नायू दिसतो. म्हणून गोठवलेल्या सुरमईचा आकडा ताज्या सुरमईच्या आकड्याशेजारी तसाच मांडता येत नाही.